खादीचा झेंडा, दोन बाय तीन फूट : सहा वेळा बांधून झाल्यावर

आधी माझी ओळख सांगतो, म्हणजे हा माणूस झेंड्यावर एवढं लांबण का लावतोय ते कळेल. अमळनेर तालुक्यातल्या एका हायस्कूलात मी ३१ वर्षं शिपाई होतो. घंटा, कुलपं, पाण्याची टाकी, परीक्षेचे गठ्ठे आणि वर्षातून तीनदा झेंडा. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, १ मे. हिशेब केला तर नव्वदच्या वर वेळा मी झेंडा बांधलाय. ओढला मात्र एकदाही नाही. ओढायला पाहुणे असतात.

निवृत्त झाल्यावर अमळनेरातच आमच्या कॉलनीत राहायला आलो. कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये पोरांनी वर्गणी काढून ओटा बांधला, लोखंडी पाइप उभा केला, आणि झेंडा मागवला ऑनलाइन. पॉलिस्टरचा, घरपोच, दोनशे रुपयांच्या आत. मला बोलावलं ते बांधायला. "आप्पा, तुम्हाला सवय आहे ना?" सवय आहेच. घडी उलगडली आणि हाताला पटकन जाणवलं की काहीतरी चुकतंय.

टेप आणली. लांबी ३६ इंच, रुंदी २२. झेंडा तीनास दोन असतो, म्हणजे ३६ ला २४ पाहिजे. दोन इंच कुठे गेले ते शिवणाऱ्याला माहीत. चक्र अंडाकृती. माझी नात तेव्हा तिसरीत होती, तिला म्हटलं आरे मोज. ती बोट ठेवून मोजायची आणि कुठून सुरुवात केली तेच विसरायची. मग पहिल्या आऱ्यावर तिने तिच्या कपाळाची टिकली काढून चिकटवली आणि परत सुरुवात केली. बावीस. मी मोजले, बावीस. २४ पाहिजेत. पोरं म्हणाली, आप्पा खालून कोण मोजणार आहे? बरोबर आहे, खालून कोणी मोजत नाही. तेव्हा वेळही नव्हता, दुसऱ्या दिवशी १५ ऑगस्ट. टिकली काढली आणि बांधला तोच.

पुढची गोष्ट अशी झाली की कमिटीतल्या कोणीतरी सांगितलं, आता रात्रीसुद्धा झेंडा ठेवता येतो. ते खरंच आहे. २०२२ च्या जुलैत तसा बदल झाला, त्याआधी सूर्यास्ताला उतरवावा लागायचा. पण ठेवता येतो म्हणजे ठेवून विसरून जा असं नाही. आमचा झेंडा ऑगस्टपासून मेपर्यंत वर. ज्यांनी खान्देशातला एप्रिल-मे पाहिलाय त्यांना सांगायला नको. पंचेचाळीस अंशांत पत्रासुद्धा वाकतो. मे संपेपर्यंत केशरी रंग हळदीचं फडकं दिसायला लागला, आणि वाऱ्याकडची कड दशा दशा होऊन लोंबत होती. मी दोन वेळा सांगितलं, उतरवा. शेवटी एका पहाटे मीच उतरवला, कोणाला न विचारता.

आता फाटलेल्या झेंड्याचं काय करायचं? ध्वजसंहितेत लिहिलंय की तो चारचौघांत नाही, खाजगीत, पूर्णच्या पूर्ण नष्ट करायचा, शक्यतो जाळून. शाळेत आम्ही एकदा केलं होतं. हेडसर आणि मी, दोघंच, सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेच्या मागे. खादीचा जुना झेंडा होता. सरांनी चपला काढल्या म्हणून मीही काढल्या. तीन-चार मिनिटांत जळून गेला, पांढरी राख उरली, तीसुद्धा मुठीत मावेल एवढीच. सर म्हणाले, निंबाच्या मुळाशी टाक. टाकली. दोघं काही न बोलता ऑफिसात येऊन चहा प्यायलो.

तेच डोक्यात ठेवून मी हा पॉलिस्टरचा शेतात नेला. बांधावर चार विटा मांडल्या, काडी लावली. आणि तो जळेचना. आक्रसला. जळालेल्या प्लॅस्टिकच्या बादलीसारखा वास, काळा धूर, आणि थेंब थेंब वितळून विटेवर पडायला लागले. पांढरा पट्टा कुठला नि हिरवा कुठला, सगळा मिळून एक काळा चिकट गोळा झाला. मी नुसता बघत उभा राहिलो. विझवावं तरी पंचाईत, न विझवावं तरी पंचाईत. थंड झाल्यावर तो गोळा विटेपासून खुरपीने खरवडून काढावा लागला. हातभर खड्डा खणला आणि पुरला. घरी आल्यावर बायकोने विचारलं, काय व्हयनं, इतलं तोंड पाडीसन काय बसना? मी काही सांगितलं नाही. त्या दिवशी ठरवलं, पुढचा झेंडा मी आणणार आणि खादीचाच आणणार.

तर आता दुकानाबद्दल.

जळगावातलं एक जुनं खादी भांडार. नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुरही करायची आहे. अमळनेरहून गाडी पकडली की तासाभरात जळगाव. मी पोचलो एक वाजून दहा मिनिटांनी, आणि दुकान एक ते चार बंद. पाटी आहे, पण आत लावलेली, शटर उघडं असेल तरच दिसणारी. तीन तास काय करणार? शेवभाजी खाल्ली, रसोईतल्या पंख्याखाली बसवेना म्हणून स्टेशनवर येऊन बाकावर बसलो. चारला शटर वर गेलं ते सव्वाचारला.

पण आत गेल्यावर जो माणूस भेटला त्याला झेंडा कळतो. मी म्हटलं, भाऊ, झेंडा दाखवा. त्याने झेंडा काढला नाही. आधी विचारलं, "अण्णा, खांब किती फुटी?" मी म्हटलं सोळा. "ओट्यासकट की ओटा सोडून? कप्पी आहे की नुसती कडी? आजूबाजूला तारा आहेत का?" एवढं विचारून मग म्हणाला, तुम्हाला दोन बाय तीन पुरे, मोठा घेऊ नका, वारा नसला तर नुसता लोंबेल. मोठा विकला असता तर त्याचेच पैसे वाढले असते. माझ्या हिशेबी दुकानाचे निम्मे गुण इथेच.

काउंटरवर आधी पांढरं कापड अंथरलं, मग झेंडा काढला. वडील कापडाच्या प्रताप मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते, त्यामुळे कापड हातात आलं की बोटं आपोआप सूत चाचपतात. हे सूत हाताने कातलेलं आहे हे सांगावं लागत नाही. मधूनच एखादा धागा जाड, एखादा बारीक. मिलच्या कापडात असं दिसलं तर वडील म्हणायचे, माल परत येणार. इथे तीच त्याची ओळख. तिन्ही पट्टे सारख्या रुंदीचे. दांडीकडची पट्टी वेगळ्याच, जाड, मातकट पांढऱ्या कापडाची, तिच्यावर मापाचा शिक्का. तिच्यातून दोरी ओवलेली, आणि दोरीच्या वरच्या टोकाला लाकडाची गुल्ली.

ही गुल्ली बघून मला १९९७ आठवलं. ते सांगतोच, कारण विकत घेताना लोक याच गोष्टीकडे बघत नाहीत.

१५ ऑगस्ट १९९७. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं. गावात पताका, शाळेला चुना, सहाशे पोरं मैदानात, गावचे सगळे मोठे लोक खुर्च्यांवर. आदल्या रात्री पाऊस होता आणि आई दवाखान्यात होती. मी पहाटे चारला शाळेत आलो, कंदिलाच्या उजेडात झेंडा बांधला, आत झेंडूच्या पाकळ्या भरल्या, घरी जाऊन अंघोळ करून परत आलो. पाहुण्यांनी दोरी ओढली. सुरगाठ बरोबर सुटली, पाकळ्या पडल्या, टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच थांबल्या. हिरवा वर होता.

ती शांतता अजून कानात आहे. कोणी हसलं नाही, हे त्या पोरांचं मी आजही मानतो. हेडसर माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, उतरव, परत बांध, घाई करू नकोस. मला गाठ मारता येईना, बोटं थरथरत होती. सहाशे पोरं सावधानमध्ये उभी, कोणी हललं नाही. दुसऱ्यांदा नीट उघडला. सरांनी त्यावर पुढे कधी एक शब्द काढला नाही, मेमो तर नाहीच. आईला मी ते कधीच सांगितलं नाही. त्यानंतर शाळेतल्या झेंड्याच्या दोरीला, केशरी बाजूला, मी लाल दोरा गुंडाळून ठेवला. निवृत्त होईपर्यंत तो होता.

आमच्या शाळेच्या त्या झेंड्याची गुल्ली कधीच पडून गेली होती, दोन्ही टोकं सारखी झाली होती. गुल्ली असली की ती वर, म्हणजे केशरी वर. अंधारातसुद्धा हाताला कळतं. ऑनलाइनच्या झेंड्याला दोन लोखंडी रिंगा होत्या, खाली-वर एकसारख्या, आणि पहिल्या पावसात दोन्ही गंजल्या. गंजाचा डाग पार पांढऱ्या पट्ट्यापर्यंत ओघळला होता. तेव्हा झेंडा घेताना रंग-बिंग नंतर बघा, आधी गुल्ली बघा.

भांडारातल्या भाऊंनी आणखी एक दाखवलं. झेंडा दाराकडे, उजेडाकडे धरला. चक्र दोन्ही बाजूंनी छापलेलं असतं. छपाई चांगली असेल तर उजेडात एका बाजूचे आरे दुसऱ्या बाजूच्या आऱ्यांवर तंतोतंत बसतात. बसले होते. एक केसभर इकडे तिकडे नाही. मी आरे मोजायला लागलो तर ते हसले, मोजा मोजा म्हणाले, मोजणारं गिऱ्हाईक वर्षात एखादंच येतं.

हे झेंडे येतात कुठून, तर आपल्या जवळ नांदेडला होतात आणि तिकडे कर्नाटकात हुबळीजवळ बेंगेरीला. माझा कुठला हे त्यांनी सांगितलं, पण बिलावर तसं लिहिलेलं नाही म्हणून मीही लिहीत नाही. किंमत चौदाशे आणि वर काही रुपये. राष्ट्रध्वजावर जीएसटी नाही, त्यामुळे बिलात तो रकानाच कोरा. बिल हाताने, कार्बन घालून, तीन प्रतींत. त्याला पंधरा मिनिटं लागली. मोबाइलने पैसे द्यायला गेलो तर "आज मशीन बंद आहे". काउंटरवरच्या फडक्याखाली ते मशीन होतं, आणि फडक्यावर चांगली धूळ होती. कुरकुर ती हीच. आणि दुसरी म्हणजे खांबाची दोरी वेगळी विकत घ्यावी लागते, ती त्यांच्याकडे नसतेच. चौदाशेच्या झेंड्यासोबत वीस-पंचवीस हात दोरी द्यायला काय हरकत होती?

घरी आणला. बायकोने बिल बघितलं. "इतला रुपया? हाऊ झेंडा शे का शालू?"

कॉलनीत मात्र खरा वाद झाला. वर्गणीतून एवढे पैसे गेले म्हणून. कमिटीतला एक पोरगा, चांगला आहे, कामाचा आहे, पण तोंडाने फटकळ. सगळ्यांसमोर म्हणाला, "आप्पा, म्हणजे तुमचं देशप्रेम चौदाशेचं आणि आमचं दोनशेचं, असंच ना?" लोक हसले. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. बावीस आरे सांगावेत तर कंजूष मास्तरासारखं वाटेल, आणि बांधावरचा तो काळा गोळा तर मी कोणालाच सांगितला नव्हता. गप्प बसलो.

त्याच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असंही नाही. आमच्याकडे धुणीभांडी करायला एक ताई येतात. २०२२ ला 'हर घर तिरंगा' होतं तेव्हा पोस्टात पंचवीस रुपयांना झेंडा मिळत होता, त्यांनी घेतला. पॉलिस्टरचाच, वीस बाय तीस इंच, पण मापात. १३ ते १५ ऑगस्ट पत्र्याच्या घरावर वेळवाच्या काठीला लावला, १५ ला संध्याकाळी उतरवला, आणि पेटीत लग्नाच्या लुगड्याच्या घडीत ठेवला. दरवर्षी निघतो, संध्याकाळी परत पेटीत. मी मुद्दाम बघितला, रंग अजून जसाच्या तसा. २०२१ च्या डिसेंबरच्या अखेरीस मशीनच्या आणि पॉलिस्टरच्या झेंड्याला परवानगी मिळाली नसती तर त्या पेटीत झेंडा गेला नसता, कारण चौदाशे रुपये त्या झेंड्यासाठी काढू शकल्या नसत्या. तेव्हा पॉलिस्टरला सरसकट नावं ठेवायची असतील तर मी त्यात नाही. घरावर एक दिवस लावायचा, संध्याकाळी काढायचा, तर तो घ्या, फक्त टेप लावून आणि आरे मोजून घ्या. मात्र खांबावर चढवायचा असेल, दहा वर्षं टिकवायचा असेल आणि शेवटी नीट निरोप द्यायचा असेल, तर खादी.

आता वापरून काय वाटलं ते.

दोन वर्षं झाली, सहा वेळा बांधला. खादी घडीला कह्यात राहते. पॉलिस्टर निसरडं, घडी घातली की सुटते, पाकळ्या आधीच गळतात. खादीची सुरळी घट्ट बसते, सुरगाठ तिच्यावर रुतते, आणि एका हिसक्यात सुटतेही. (निरगाठ मारणारे महाभाग मी पाहिलेत. मग पाहुणे दोरीला लोंबकळतात.) पाकळ्या मूठभरच आणि कोरड्या घाला. ओल्या पाकळ्या खादीला चिकटतात, डाग पडतो. शेवंती चालते, गुलाब टाळा.

वजन आहे. वारा पडलेला असेल तर हा झेंडा फडकत नाही, हे सरळ सांगतो. १ मेच्या सकाळी आठ वाजता आमच्याकडे पान हलत नाही, दोन्ही वर्षं तो खांबाला बिलगून राहिला आणि फोटो काढणारी पोरं नाराज झाली. पॉलिस्टर फुंकरीनेही हलतं. १५ ऑगस्टला पहिल्या वर्षी पावसाची सर आली, भिजून तो दुप्पट जड झाला, पाइप मला वाकल्यासारखा वाटला. उतरवला, घरात बाजेवर पसरला आणि पंख्याखाली वाळवला. दोरीवर कपड्यांसोबत वाळत घालायला मन होईना. रंग उतरला नाही, केशरी पांढऱ्यात अजिबात पसरलं नाही. वाळल्यावर बोटभर आवळला मात्र. टेपने मोजला, दोन्हीकडून सारखाच आवळलाय, प्रमाण बिघडलेलं नाही. इस्त्री मी वरून सुती फडकं टाकून करतो, चक्रावर थेट नाही.

नात आता पाचवीत गेली. घडी घालायला तीच एक टोक धरते. जमिनीला लागू द्यायचा नाही हे तिला एकदाच सांगितलं होतं, ती टाचा उंच करून उभी राहते. मध्ये तिने विचारलं, आबा, हे चाक पहिल्यापासून होतं का? म्हटलं नाही, आधी चरखा होता. चाक आलं २२ जुलै १९४७ ला. मग तिला नंदुरबारचं सांगितलं. शिरीषकुमार मेहता, गुजराती घरातला, आमच्या नववी-दहावीच्या पोरांएवढा. ९ सप्टेंबर १९४२ ला मिरवणुकीत झेंडा धरून चालला होता आणि पोलिसांनी गोळी घातली. त्याच्या हातात होता तो चरख्याचा.

शाळेची सहल नंदुरबारला गेली होती तेव्हा मी पाण्याचे जार सांभाळायला सोबत होतो. स्मारकापाशी सर माहिती सांगत होते. सहावीतलं एक पोरगं, वर्गात कधी तोंड न उघडणारं, मध्येच म्हणालं, "सर, तो पडल्यावर झेंडा कोणी धरला?" सर थांबले. मग त्याचा हात धरून त्याला पुढे नेलं आणि म्हणाले, वाच, किती नावं आहेत. पोराने वाचली. शिरीषकुमार, लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम. "पाच," तो म्हणाला. सर म्हणाले, हं. बाकीची पोरं तोवर जारपाशी पाण्यासाठी ढकलाढकली करत होती.

असो, विषयावर येतो.

१६ ऑगस्टला सकाळी मी अजून पिशवी घेऊन निघतो. शाळेतली खोड आहे. रस्त्यावर, गटारीत, मोटरसायकलच्या चाकाखाली कागदाचे झेंडे पडलेले असतात. कागदाचे लावायला परवानगी आहे, जमिनीवर टाकायला नाही. प्लॅस्टिकचे तर लावायचेच नाहीत, तरी मिळतात. मागच्या वर्षी पिशवीत ३७ निघाले. यंदा तोच फटकळ पोरगा गाडीवरून चालला होता, थांबला. म्हणाला, आप्पा, द्या इकडे पिशवी, तुम्हाला वाकवत नाही. मंदिरापर्यंत त्याने वेचले. मग विचारलं, यांचं करायचं काय? कागदाचे जाळतो, म्हटलं. आणि प्लॅस्टिकचे? तेव्हा त्याला मी बांधावरची ती गोष्ट सांगितली. तो गाडीवर बसूनच ऐकत होता, इंजिन बंद करून.

पुढच्या महिन्यात तो जळगावला जाणार आहे, त्याच्या मामाच्या गावच्या मंडळाला झेंडा पाहिजे. त्याला सांगून ठेवलंय : एकच्या आधी जा किंवा चारनंतर, पैसे रोख ने, खांबाची उंची लिहून ने.

पाचपैकी चार तारे. पाचवा दोरी देतील तेव्हा.